मोडलेली तीन धनुष्यं

आमच्या घरी दिवस करवतीच्या आवाजानं सुरू व्हायचा. माय चुलीवर पेज ठेवायची, कोंबड्या घरामागच्या सांदवाडीत उतरून माती उकरायला लागायच्या, आणि पुढच्या सपरीत, म्हणजे पडवीत, बाबांची करवत चालू व्हायची. खर्र जाताना, खुर्र येताना. ती थांबली की घरात सगळे कान टवकारायचे, कारण बाबा जेवायलाच तेवढे थांबत. सागाचा भुसा घरभर असायचा. अंथरुणावर, पाण्याच्या गुंडावर, कधी भाताच्या ताटातसुद्धा. माय ताट फुंकून वाढायची आणि बाबा त्यातला उरलेला भुसा बोटानं बाजूला करून जेवायचे. लाखोरीचं वरण, भात, सोबत जवसाची चटणी. पावसाळ्यात कोणी वास्ते आणून दिले तर बांबूच्या त्या कोवळ्या कोंबांची आंबटसर भाजी. बाबांना तांदळाचे आयते फार आवडत. माय तव्यावर पातळ पीठ ओतायची तेव्हा चर्र आवाज व्हायचा, आणि करवत थांबवायला तेवढा एक आवाज पुरे होई.

बाबांना लोक नारान मिस्त्री म्हणत. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत नांगर, वखर, बैलबंडीची चाकं, दाराच्या चौकटी बहुतेक त्यांच्याच हातच्या. त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही, असं लोक सांगायचे आणि बाबा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आवडायचं मात्र त्यांना. त्यांच्या लाकडाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी त्यांची एकुलती एक पोर, पण मलाही रंध्याला हात लावायची परवानगी नव्हती. मी पाणी ओढायचं, धान कांडायचं, शाळेत जायचं. सपरीत बसून पाहायचं असेल तर पाहायचं.

आता माझ्या मोबाईलवर कुठून कुठून मोडलेल्या धनुष्यांचे फोटो येतात. परवा कोरपन्याच्या एका मास्तरणीनं पाठवला होता. तिच्या शाळेतल्या मुलीनं घरी केलेलं धनुष्य मधोमध फाटलेलं, आणि खाली लिहिलेलं, 'मावशी, काऊन तडकलं असेल?' मी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहते. बहुतेक वेळा तुकडा पाहिला की कळतं. कळतं कारण माझ्यासमोर एका पावसाळ्यात तीन धनुष्यं मोडली, आणि ती तीनही माझ्या बाबांनी केलेली होती.

आमच्या शाळेत खेळाचे नवे सर आले होते. कबड्डी, लंगडी सगळीकडेच होतं, पण या सरांना तिरंदाजीचं वेड. त्यांनी दोन बांबूची धनुष्यं आणली आणि मैदानाच्या टोकाला भाताच्या तणसाचा भारा उभा करून आम्हाला रांगेत उभं केलं. रहाटाचं पाणी ओढून आणि मुसळ उचलून माझे हात दणकट झाले होते. माझा पहिला तीर भाऱ्याच्या वरून गेला, दुसरा बाजूनं, तिसरा आत रुतला. त्या रुतण्याचा जो आवाज झाला तो मला इतका आवडला की त्या दिवशी घरी येताना मी वाटभर तोच तोंडानं काढत आले. महिनाभरात मी मुलांपेक्षाही नेमकी मारायला लागले. सर म्हणाले, दिवाळीनंतर गडचिरोलीला स्पर्धा आहे, पण शाळेची धनुष्यं लहान मुलांना लागतात. ज्यांना यायचं त्यांनी आपापलं आणावं.

मी घरी येऊन सांगितलं. बाबा चाकाचा आरा घासत होते. मान वर न करता म्हणाले, "बंडीचं चाक करतो मी. धनुष्य का मोठी गोष्ट आहे?"

पहिलं धनुष्य त्यांनी दोन दिवसांत केलं. सागाच्या फळीतून सरळ कापलेलं, रंध्यानं गुळगुळीत केलेलं, मध्ये मुठीसाठी नक्षीसुद्धा. इतकं देखणं धनुष्य मी पुढेही फार पाहिलं नाही. अंगणात शेजारपाजारचे गोळा झाले. बाबांनी अंबाडीची दोरी चढवली आणि माझ्या हातात दिलं. मी अर्ध्यापर्यंत ओढलं असेल, तोच फाटकन आवाज झाला आणि माझ्या डाव्या हातात अर्धं लाकूड, उजव्या हातात लोंबती दोरी. कोणीतरी हसलं. बाबा म्हणाले, "सागच नाई चालत याले. धामन पाहिजे." आणि तुकडे उचलून आत गेले.

धामणीचं लाकूड लवतं, कावडीला तेच वापरतात, हे खरंच होतं. बाबांनी धामण आणली, ओलीच. ती लवकर वाळावी म्हणून उघडीप मिळाली तेव्हा चार दिवस कौलांवर उन्हात ठेवली. मग करवतीनं चौकोनी केली, चारही बाजूंनी रंधा मारला, कडा अशा धारदार की बोट फिरवलं तर लागावं. हे धनुष्य टिकलं. दोन दिवस मी त्यानं तीर मारले, बाबा काम सोडून बघायला यायचे. तिसऱ्या दिवशी पाठीवरून एक ढलपी उचलली गेली, आणि पुढच्या ओढीला ती ढलपी सरळ मुठीपर्यंत फाटत आली. बाबांनी त्या दिवशी करवत परत हातात घेतली नाही.

तिसरं त्यांनी कोणाला न सांगता केलं. जाड फांदीचं. फांदीला एक गाठ होती, ती त्यांनी तासून सपाट केली, कारण ओबडधोबड काही ठेवणं त्यांच्या हाताला जमतच नव्हतं. हे धनुष्य ओढताना मला वाटलं, आता जमलं. मी पूर्ण ओढलं. गाठीपाशी ते मोडलं आणि वरचा तुकडा माझ्या कपाळावर आला. डाव्या भुवईच्या वर. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा मला काही दिसेना, फक्त बाबांचा आवाज ऐकू येत होता, "डोरा पाह्य, आधी डोरा पाह्य." डोळा वाचला होता. मायनं हळद दाबून पट्टी बांधली, मग उठली, तीनही धनुष्यांचे तुकडे गोळा केले आणि चुलीकडे निघाली. मीच ओरडले, "नको जाळू वं माय!" का ओरडले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि तुकडे जात्यामागे टाकून दिले.

त्यानंतर आठ-दहा दिवस घर विचित्र शांत होतं. बाबा काम करायचे, पण करवत मध्येच थांबायची आणि चुलीवर आयते नसायचे तरी थांबायची. ताटात भात तसाच उरायचा. लोक आपले नांगर घेऊन येत, आणि त्यातला एखादा हसत विचारायचा, "मिस्त्री, चवथं कवा?" बाबा त्याचा नांगर उलटा करून तपासायला लागत. मला स्पर्धा गेल्याचं वाईट वाटत होतं, पण त्यापेक्षा जास्त, बाबा माझ्या कपाळाकडे पाहायचं टाळत होते याचं. मी समोर आले की त्यांना काहीतरी शोधायचं असे. कधी खिळा, कधी पेन्सिल.

एका सकाळी मायनं माझी पट्टी सोडली, जखम पाहिली आणि म्हणाली, "भरली आता. हे घे." तिच्या हातात फडक्यात बांधलेली लाखोरीची डाळ होती. "टोल्यावर जा. बुधाजीच्या घरी. ते तुकडे बी ने सोबत."

मी चमकलेच. बुधाजी हलामी नाल्यापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, राहत. त्यांचं धनुष्य सगळ्या भागात नावाजलेलं. आणि आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की बाबा हसत. बुधाजींनी स्वतः बसवलेला कुऱ्हाडीचा दांडा वाकडा असे, त्यांच्या घराचा खांब वाकडा असे. एकदा बाजारात, चार लोकांसमोर बाबा बोलले होते, "बुधाजीले गुण्या दाखवला तं तो इचारन, हे खायाचं का?" गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन पाहायचं अवजार. लोक खो-खो हसले होते. बुधाजी तिथंच उभे होते. तेही हसले होते, पण नंतर त्यांनी आमच्याकडे नांगर दुरुस्तीला आणला नाही.

"बाबाले सांगू का?" मी विचारलं.

"मी सांगतो त्याले," माय म्हणाली. "त्याले घास उतरून नाई राह्यला. तू जा."

बुधाजीमामा अंगणात बसून टोपलीची काडी सोलत होते. डोक्याला पांढरं फडकं, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. मी डाळ त्यांच्या बायकोजवळ दिली आणि तुकडे त्यांच्यासमोर मांडले. ते आधी माझ्या कपाळाकडे पाहत राहिले. मग पहिला तुकडा उचलला, सागाचा, आणि त्यावरच्या रेषांवरून अंगठ्याचं नख फिरवायला लागले. नख रेषेबरोबर तिरकं जात जात काठाबाहेर निघून गेलं. त्यांनी ते मला दोनदा दाखवलं.

"ही रेघ इथी बाहेर निंघाली, पाह्यलं का? लाकूड झाडात असं वाढलं होतं, तिरपं. तुह्या बापानं त्याले सरळ कापलं. म्हंजे हे करवतीनंच अर्धं तुटलं होतं. तू वढली तवा फक्त आवाज आला."

दुसऱ्या धनुष्यावर त्यांनी उन्हाच्या बारीक भेगा दाखवल्या, केसासारख्या. बाहेरून घाईनं वाळलं, आत ओलंच राहिलं. शिवाय धनुष्याची पाठ, म्हणजे तीर जातो त्या बाजूची, झाडाच्या सालीखालची एकच अख्खी परत, म्हणजे एकच थर, असायला पाहिजे. वाकताना तीच बाजू ताणली जाते. बाबांनी तिच्यावर रंधा मारून चार परती उघड्या पाडल्या होत्या, तिथूनच ढलपी उचलली. तिसऱ्यावर तर त्यांनी नुसतं गाठीवर बोट ठेवलं. "गाठीपाशी लाकूड जास्त ठेवा लागते. फुगलेलं दिसलं तं दिसू द्याचं. चिकनं केलं का तिथीच वाकते, अन् एकाच जागी वाकलं का मोडते."

मग त्यांनी तीनही तुकडे एकत्र ठेवले आणि म्हणाले, "हात चांगला आहे नारानचा. गंज चांगला आहे, लय चांगला. पन तो लाकडाले आपल्या रेघेवर चालवते. चौकटीले तसंच पाहिजे. धनुष्याले नाई चालत."

मी विचारलं, आता दिवाळीपर्यंत होईल का? ते म्हणाले, नवी धामण दोन पावसाळे सावलीत वाळते. माझा चेहरा पडला असावा. ते उठले, आत गेले आणि चुलीवरच्या माळ्यावरून एक काळपट लांब फाळका काढून आणला. धुरानं काळा झालेला, दोन्ही टोकांना शेण-माती लिंपलेली. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरच्या धामणीचा, कधीचा वाळवलेला. स्वतःसाठी ठेवला होता. "माहा खांदा आता वढत नाई," ते म्हणाले. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो दिला नाही. "बापाले घेऊन ये. तू एकटी शिकशीन अन् घरी गेल्यावर तो रंधा मारन."

ते घरी जाऊन सांगणं हे माझ्या त्या वयातलं सगळ्यात अवघड काम होतं. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. रेघेचं, पाठीचं, गाठीचं, आणि बोलावलं आहे तेही. बाबा पाटावर बसले होते. त्यांनी सागाचा तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि अंगठ्याचं नख रेषेवरून फिरवलं, बुधाजीमामांनी फिरवलं होतं तसंच. नख काठाबाहेर गेलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मायनं चुलीवर पीठ ओतल्याचा आवाज आला, तरी ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. टोल्याच्या वाटेवर ते माझ्यापुढे चालत होते, नाल्यात पाणी होतं, त्यांनी मागं वळून माझा हात धरून मला उतरवलं आणि पलीकडे गेल्यावरही थोडा वेळ सोडला नाही. बुधाजीमामांच्या अंगणात ते उभे राहिले. मग बाबा म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी बाजारात मी बोललो ते चुकलो."

बाबांनी त्यांना भाऊ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बुधाजीमामा म्हणाले, "बसा मिस्त्री. मोहाची पिता का चहा?" बाबा म्हणाले चहा, आणि तिथं तो विषय संपला. मोठ्या माणसांची माफी इतकी लहान असते हे पाहून मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या एका वाक्यासाठी बाबांनी रात्रभर कूस बदलली होती, हे मायनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

काम मीच करायचं असं ठरलं. बुधाजीमामांनी ठरवलं. "मिस्त्री, तुमचा हात आपोआप सरळ जाते. पोरीचा हात अजून कोरा आहे." बाबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं नाही, पाहायचं धाडस झालं नाही. त्यांनी मान हलवली.

शाळा सुटली की आम्ही दोघं टोल्यावर जायचो. पाठीवरची साल मी कोयत्याच्या मागच्या बाजूनं, धार न लावता काढली, दोन दिवस लागले. सालीखालची परत पिवळसर, गुळगुळीत, आणि तिच्यावर एक ओरखडा जरी उठला तरी मामा "अंऽ" करायचे. फाळका सरळ नव्हताच. डावीकडे थोडा जाऊन परत उजवीकडे येत होता, नदीच्या वळणासारखा. मी फक्त पोटाच्या बाजूनं, आपल्याकडे येणाऱ्या बाजूनं तासायचं, आणि वळण ठेवायचं. जिथं गाठ तिथं फुगवटा. कडा काचेच्या तुकड्यानं गोल. मामांच्या अंगणात मोहाच्या वाळल्या फुलांचा गोड वास असायचा, त्यांची बायको आम्हाला भाजलेल्या फुलांचे लाडू द्यायची, आणि बाबा ओट्यावर मांडीवर हात ठेवून बसायचे. त्यांच्या हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. मी चुकीकडे निघाले की त्यांची बोटं हलायची. एकदा तर ते आपलेच हात मांडीखाली दाबून बसलेले मी पाहिले.

मग वाकवून पाहायचे दिवस आले. मामांनी खांबाला खुंटी ठोकून धनुष्य तिच्यावर आडवं ठेवलं, ढिली दोरी लावली आणि लांबून दोरखंडानं थोडीशी ओढ दिली. वीतभरही नाही. आम्ही तिघं लांब उभे राहून पाहायचो. जिथं वाकत नव्हतं तिथून मी काचेनं खरवडायचं, जिथं जास्त वाकत होतं त्याला अजिबात हात लावायचा नाही. परत ओढायचं, परत पाहायचं. "जेवढं बराबर वाकते तेवढंच वढायचं," मामा म्हणायचे. "चूक दिसली का थांबायचं. चूक दिसल्यावर बी वढलं तं लाकूड ते लक्षात ठेवते." इथं बाबांचा डोळा कामाला आला. धनुष्याच्या डाव्या हातात, म्हणजे मुठीच्या डावीकडच्या भागात, सुताएवढा फरक असला तरी त्यांना तो दिसायचा. ते बसल्या जागेवरून बोट करायचे, मामा वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "हो जी, बराबर." दोघंही खुशीत असायचे. त्यातले कितीतरी दिवस मला असे आठवतात की काम कमी झालं आणि दोन म्हातारे... म्हातारे कसले, आताच्या माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण होते ते... एकमेकांना लाकडांच्या गोष्टी सांगत बसले.

शेवटी शेवटी धनुष्य आमच्या घरी आलं, टोळीचं तेल पाजायला, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलानं चोळायला. एक दिवस मी शाळेतून परत आले तर सपरीत बाबा बसलेले, धनुष्य मांडीवर, आणि उजव्या हातात रंधा. माझं दप्तर हातातून पडलं. गाठीचा तो फुगवटा वर तोंड करून होता.

बाबांनी वर पाहिलं. "नाई लावलो," ते म्हणाले. "पाह्य. हात फिरवून पाह्य."

मी फुगवट्यावरून हात फिरवला. तसाच होता. "मंग काऊन बसले असे?"

"जेवन झाल्यापासून बसून राह्यलो," बाबा म्हणाले, आणि रंधा माझ्याजवळ दिला. "हे घे. तिकडे ठेव. मले दिसन नाई असं." त्यांच्या आयुष्यात त्यांनी माझ्या हातात दिलेलं ते पहिलं अवजार. मी ते धान्याच्या कोठीमागे ठेवून आले.

धान कापून झालं होतं, शेतातल्या बांद्या मोकळ्या झाल्या होत्या. पूर्ण ओढायच्या दिवशी मायही टोल्यावर आली. बुधाजीमामांनी तणसाच्या ढिगासमोर मला उभं केलं. खांबावर ते धनुष्य पूर्ण वाकलं होतं, पण हातात अजून कोणी ओढलं नव्हतं. मी मुठीला हात घातला तोच बाबा पुढे आले आणि धनुष्य धरलं.

"आधी मी वढतो," ते म्हणाले. "मोडलं तं माह्या तोंडावर मोडू दे."

मामांनी मान हलवली. "मिस्त्री, हे तिच्या हाताच्या मापाचं आहे. तुमचा हात लांब. तुमी तिच्यापेक्षा चार बोटं जास्त वढसान. अन् तुमी वढलं तं नक्की मोडन."

"मी कमी वढीन."

"हातात आल्यावर कोनीच कमी वढत नाई."

बाबा तसेच उभे. त्यांची नजर माझ्या भुवईवर होती. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते त्या व्रणाकडे सरळ पाहत होते. मला वाटलं, मीच म्हणावं, राहू द्या, नको. कारण मला भीती वाटत होती, हे सांगायला हरकत नाही. कपाळावर तो तुकडा आला तेव्हाचा आवाज माझ्या कानात होता. पण मी पाठीवरून हात फिरवला. ती एकच परत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही न तुटता गेली होती, आणि तिचा प्रत्येक इंच मला ठाऊक होता. मी म्हणाले, "बाबा, मी पाह्यलं आहे सगळं. सोडा तुमी."

त्यांनी बोटं सोडली. एक पाऊल मागे गेले. आणि मग स्वतःच म्हणाले, "वढ."

मी ओढलं. अर्ध्यावर कर्रकन आवाज झाला आणि आम्ही सगळे थिजलो. माय "अवं बाई" म्हणाली. मामा जागचे हलले नाहीत. "दोरी बसून राह्यली खाचेत. नवी आहे. लाकूड असं सांगून नाई मोडत. वढ पोरी." मी ओढत गेले, गालापर्यंत. धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकले, वळणासकट. मी तिथं थांबले, जितका वेळ थांबायला पाहिजे होतं त्याहून जास्तच थांबले, कारण ते मोडत नव्हतं आणि मला ते सोडवत नव्हतं. मग तीर गेला आणि तणसात असा रुतला की बाहेर फक्त पिसं दिसत होती. टोल्यावरची माणसं ओरडली. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मला वाटलं ते रडत आहेत. हात काढले तेव्हा हसत होते, आणि डोळे ओले होते, म्हणजे दोन्ही.

गडचिरोलीच्या स्पर्धेत मी पाचवी आले. वारा होता आणि मैदान आमच्यापेक्षा मोठं होतं, आणि माझ्या पुढे आलेल्या मुली खरोखरच माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. त्याचं मला तेव्हाही फार वाईट वाटलं नाही. बाबा एसटीनं सोबत आले होते. दिवसभर ते दोरीपलीकडे उन्हात उभे होते, आणि माझे तीर कुठं लागले यापेक्षा प्रत्येक ओढीला धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकतात का, हेच पाहत होते.

संपल्यावर दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक धनुष्य पाहायला आले. त्यांनी ते हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवलं, वळण पाहिलं, गाठीवरच्या फुगवट्यापाशी थांबले. मग बाबांच्या हातांकडे पाहिलं. सुताराचे हात लपत नाहीत.

"मिस्त्री, कमाल आहे. तुमीच केलं का?"

बाबांनी धनुष्य त्यांच्याकडून परत घेतलं आणि माझ्याकडे दिलं.

"नाई," ते म्हणाले. "पोरीनं केलं. मी हात नाई लावलो." आणि मग, "गंज जड गेलं मले."

ते शिक्षक हसले. बाबा हसले नाहीत. ते खरंच सांगत होते.